पाण्याला भिणारी दोन मुलं

प्रिय ताई,
आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात मला ‘साहित्यातले आईवडील आणि मुलं’ या विषयावर ४० मिनिटं बोलायचं आहे. ‘श्यामची आई’, काफ्कानं वडिलांना लिहिलेलं पत्र, ‘किंग लिअर’ आणि ‘नटसम्राट’ अशी चार पुस्तकं घेतली. त्याग, अधिकार, बंडखोरी, पश्चात्ताप असे रकाने पाडून तक्ता केला. सगळे रकाने भरले, पण वाचून पाहिलं तर हाती काहीच लागत नाही.
आणखी एक. काफ्काचं पत्र वाचून संपलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी दहा वर्षांची असताना माझी कवितांची वही बाबांना दाखवली होती. त्यांनी दोन पानं वाचली, वही पालथी ठेवली आणि पेपर उचलला. त्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही. बाबा माझं भाषण ऐकायला येणार म्हणतात. त्यांच्यासमोर काफ्काबद्दल बोलू का? की आधी ते पत्रच त्यांना वाचायला देऊ?
– तक्त्यात अडकलेली

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा तक्त्यासाठी आणि एकदा वहीसाठी. तू ते दोन प्रश्न म्हणून मांडलेस. माझ्या मते त्यांची गाठ एकच आहे, पण तिथवर जायला थोडा वेळ लागेल. आधी तक्ता घेऊ.

रकान्यांत खोट काही नाही. त्याग, अधिकार, सगळं त्या पुस्तकांत आहेच. पण तक्ता भरताना तू एक गोष्ट धरून चाललीस, की चारही पुस्तकांतले आईबाप आपल्यासमोर उभे आहेत आणि आपण त्यांना सारख्याच अंतरावरून बघतो आहोत. तसं कुठे आहे? श्यामची आई आपल्याला दिसते ती श्यामला दिसली तेवढीच. हेर्मान काफ्का दिसतो तो त्याच्या मुलाला दिसला तसाच. आणि लिअर किंवा आप्पासाहेब बेलवलकर हे तर स्वतः रंगमंचाच्या मधोमध उभे राहून बोलतात, त्यांची मुलं त्यांच्या दुःखाच्या कडेला उभी असतात. दोन पुस्तकं मुलानं मान वर करून पाहिलेली, दोन बापानं खाली वळून पाहिलेली. असल्या चौघांचे गुण एका रकान्यात मांडले की ते एकमेकांना खोडून टाकतात. तुला हाती काही लागत नाही ते म्हणून.

तेव्हा चार पुस्तकांची तुलना सोडून दे. दोन प्रसंग घे. आख्खं पुस्तक ४० मिनिटांत कुणालाच पेलत नाही, पण एखादा प्रसंग हातात धरून चारही बाजूंनी पाहता येतो. आणि तुझ्या यादीत असे दोन प्रसंग शेजारी शेजारीच पडलेले आहेत. दोन्हीकडे एक मूल पाण्याला भितं आहे, आणि त्याला पोहता आलं पाहिजे असं घरातल्या मोठ्या माणसाला मनापासून वाटतं आहे.

पहिला तुला पाठ असेल. श्याम पोहायला जायचं म्हटलं की लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि विहिरीवर धाडते. तो रडत जातो, पाण्यात पडतो, आणि पोहायला शिकतो. नंतर आई स्वतः त्याच्याजवळ येते आणि का मारलं ते त्याला सांगते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं, हे तिला सहन होणारं नव्हतं.

दुसरा प्रसंग काफ्काच्या पत्रात आहे, तसा लहानसाच, वाचताना पुढे सरकून जातो. बापलेक पोहायला गेले आहेत आणि कपडे बदलायला एकाच खोपटात शिरले आहेत. मूल हडकुळं, अशक्त. वडील उंच, रुंद, भक्कम. तिथे आतच मुलाला आपण किडमिडे असल्याची लाज वाटायला लागते. मग वडील त्याचा हात धरून त्याला लोकांसमोर बाहेर आणतात. अनवाणी, फळ्यांवर नीट पाय न ठरणारं, पाण्याची धडकी भरलेलं ते पोर. वडील हात कसे मारायचे ते पुन्हा पुन्हा करून दाखवतात, आणि त्याला ते जमत नाही. वडिलांचा हेतू चांगलाच होता असं काफ्का स्वतः लिहितो. आणि त्याच वाक्यात लिहितो की त्या दाखवण्यानं आपण शरमेनं खचून गेलो.

आता हे दोन प्रसंग तुझ्या तक्त्यात बसवून बघ. अधिकार दोन्हीकडे आहे. त्याग कुठेच नाही. बंडखोरी म्हणशील तर थोडीफार श्यामची, तो लपला तरी. मार आईच्या बाजूला आहे, काफ्काच्या वडिलांनी तिथे बोटसुद्धा लावलेलं नाही. तरीही मार खाल्लेल्या मुलाला तो दिवस मायेचा म्हणून आठवतो, आणि ज्याला हात धरून शिकवलं त्याला तो अपमानाचा म्हणून आठवतो. हे असं का, एवढा एकच प्रश्न घेऊन तू बोललीस तर ४० मिनिटं कमी पडतील.

इथे मला एक सांगून टाकलं पाहिजे. मुलाला काठीनं मारणं मला मान्य नाही, ते श्यामच्या आईनं मारलं म्हणूनही नाही. सभेत कुणीतरी उठून ‘बघा, तेव्हाचा मार कसा प्रेमाचा होता’ असं म्हणेल. त्याला तिथेच थांबव. त्या प्रसंगात श्यामला जे पोचलं ते माराच्या नंतर पोचलं. आई परत आली आणि बोलली. काठी आणि कारण यांच्यामधला दुवा तिनं आपल्या हातानं जोडून दिला, नाहीतर तिथे नुसते वळ उरले असते.

काफ्काकडे तो दुवा कधी जोडलाच गेला नाही, आणि हे त्याच्या पत्रातल्या दुसऱ्या एका आठवणीवरून पक्कं कळतं. लहानपणी एका रात्री तो पाणी हवं म्हणून कुरकुरत राहिला. खरी तहान नव्हती, थोडा खोडसाळपणा होता, हे तोही कबूल करतो. धमक्यांनी भागेना तेव्हा वडिलांनी त्याला बिछान्यातून उचललं, बाहेरच्या सज्जात नेलं आणि रात्रीच्या सदऱ्यात बंद दाराबाहेर उभं केलं. पाणी मागणं आणि बाहेर काढलं जाणं या दोन गोष्टींची सांगड त्या मुलाला घालताच आली नाही. पुढे कित्येक वर्षं त्याला वाटत राहिलं की हा धिप्पाड माणूस कधीही, जवळजवळ विनाकारण येऊन आपल्याला उचलून बाहेर ठेवू शकतो. वडिलांनी आपल्याला क्वचितच मारलं, असंही तो लिहितो. पण लाल झालेला चेहरा, ओरडणं, आणि पँटचे पट्टे सोडून खुर्चीच्या पाठीवर तयार ठेवणं, हे त्याला माराहून भयंकर वाटायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. तुझी झोप का उडाली ते मला समजतं.

पण एवढ्यावर थांबलीस तर ‘चांगली आई आणि वाईट बाप’ असा निकाल लागेल, आणि तू पुन्हा तक्त्यातच जाऊन बसशील. पुढचा प्रश्न असा, की हे कोण सांगतंय, कुणाला, आणि कधी?

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. त्यांचं वय तेव्हा ३३ होतं. आई १९१७ सालीच गेली होती. पुस्तकात श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या गोष्टी सांगतो. म्हणजे सांगणारा पोरका आहे, ऐकणारे त्याच्यावर प्रेम करणारे आहेत, आणि जिच्याबद्दल सांगायचं ती आता काही बोलू शकत नाही. काफ्कानं पत्र लिहिलं नोव्हेंबर १९१९मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी. वडील हयात होते. काही दिवसांपूर्वी त्यांनीच विचारलं होतं, तू मला घाबरतोस असं का म्हणतोस? नुकताच त्यांनी मुलाच्या लग्नाला विरोध केलेला होता. ज्याच्याविषयी लिहायचं तोच वाचणार, अशा समजुतीनं ही शंभराएक हस्तलिखित पानं लिहिली गेली. एक श्रद्धांजली आहे आणि एक कैफियत. जे या जगात नाहीत त्यांच्या काठीचे वळ मनातून पुसता येतात. हयात माणसाच्या नुसत्या आवाजानं जुनी जखम पुन्हा ठणकते. हा फरक आईबापांच्या स्वभावातला नाही, सांगण्याच्या वेळेतला आहे. तो श्रोत्यांपुढे ठेवलास की दोन्ही पुस्तकं एकदम खोल होतात.

आणि मग त्या पत्राचा शेवट त्यांना जरूर सांग. शेवटी काफ्का वडिलांना बोलू देतो. आपल्या सगळ्या आरोपांना वडील काय उत्तर देतील ते तो स्वतःच लिहितो, आणि चांगलं धारदार लिहितो. तू सगळा दोष माझ्यावर टाकून स्वतः निर्दोष राहतोस आणि माझ्याच जिवावर जगतोस, असा त्या उत्तराचा रोख आहे. आपल्यावर अन्याय करणाऱ्यालाही बाजू असेल, हे त्याला उमगलं होतं. पण ती बाजूही मुलाच्याच अक्षरात आहे. हेर्मान काफ्काचं स्वतःचं एक वाक्यही त्यात नाही. काफ्कानं पत्र आईकडे दिलं, वडिलांना द्यायला. तिनं ते दिलं नाही, त्यालाच परत केलं. छापून आलं ते १९५२ साली, तिघांपैकी कुणीच हयात नसताना.

ही गोष्ट मनात ठेव. वहीकडे येऊ तेव्हा लागेल.

‘लिअर’ आणि ‘नटसम्राट’ तुला ठेवायचेच असतील तर त्यांना थोडाच वेळ दे. शिरवाडकरांच्या नाटकावर ‘लिअर’ची सावली आहे हे सगळ्यांना माहीत असतं, ते पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नको. काय वगळलं आणि काय घातलं तेवढं बघ. लिअर मुलींना विचारतो, माझ्यावर कुणाचं प्रेम जास्त? त्याचा सर्वनाश त्या प्रश्नापासून सुरू होतो. बेलवलकर असलं काही विचारत नाहीत, ते नुसतं देऊन टाकतात. लिअरच्या नाटकात आई नाहीच. ‘नटसम्राट’मध्ये कावेरी आहे, आप्पासाहेबांची ‘सरकार’, जी त्यांच्यासोबत एकेक घर सोडत जाते. आणि कॉर्डेलिया, लिअरवर खरं प्रेम करणारी त्याची धाकटी मुलगी, मात्र शिरवाडकरांनी ठेवलेली नाही. कॉर्डेलियाच्या जागी त्यांनी बायको दिली, असं मला वाटतं. म्हातारपणी माणसाच्या बाजूनं उभं राहणारं माणूस इथे त्याच्या पोटचं नाही. १९७० साली रंगमंचावर आलेल्या त्या नाटकाचा खरा घाव मला तिथे दिसतो, स्वगतं कितीही गाजलेली असोत.

वेळ उरला तर एक प्रयोग कर. लिअरच्या थोरल्या मुलीच्या, गॉनरिलच्या घरात क्षणभर उभी राहा. राज्य दिलेला बाप शंभर सरदार घेऊन मुक्कामाला आला आहे, आणि ते सरदार धुडगूस घालतात अशी तिची तक्रार आहे. शेक्सपिअर तिला पुढे इतकी क्रूर करतो की ती तक्रार आपण विसरून जातो. मी विशीत होते तेव्हा मला गॉनरिल निव्वळ दुष्ट वाटायची. आता तिचं पहिलं भांडण वाचताना मी थबकते. तिला माफ करावं असं मी म्हणत नाही, पुढे ती जे करते त्याला माफी नाही. पण नाटक बापाच्या बाजूनं लिहिलेलं असलं की मुलांची एखादी साधी अडचणसुद्धा ऐकू येईनाशी होते, एवढं मात्र दिसतं.

कुणीतरी तुला नक्की विचारेल की हा सगळा आई आणि बाप यांच्यातलाच फरक आहे का. थोडा आहे. आईवर लिहिताना मुलांची लेखणी ओली होते आणि बापावर लिहिताना ताठ, हे आपल्याकडेही दिसतं आणि बाहेरही. पण नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ हाताशी असू दे. १९९३ साली आलेल्या त्या पुस्तकाची मजा अशी की मुलानं बापालाच लिहायला बसवलं. बापाच्या स्वतःच्या आठवणी त्यात आहेत. लेखणी बापाच्या हातात गेल्यावर तो कसा दिसतो हे पाहायला मिळतं, आणि तो मुलांना दिसला त्याहून निराळा माणूस निघतो.

आणि शेवटासाठी, माझं ऐकशील तर, तुर्गेनेव्हची ‘फादर्स अँड सन्स’ घे. १८६२ची कादंबरी, तुझ्या यादीत नाही, पण या विषयावर मी वाचलेल्यातली मला सगळ्यात जवळची. बझारोव्ह हा बुद्धिमान, तुसडा तरुण तीन वर्षांनी घरी येतो. म्हातारे आईवडील आनंदानं वेडे होतात, आणि आपला आनंद त्याला डाचू नये म्हणून तो दाबायचा प्रयत्न करतात. तीन दिवसांत त्याला घर नकोसं होतं. निघतोय हे वडिलांना सांगायचं त्यालाही जड जातं, दिवसभर तो ते पुढे ढकलतो. तो गेल्यावर वडील खचून बसतात, तेव्हा आई आपलं पिकलं डोकं त्यांच्या डोक्याला टेकवते आणि समजूत घालते. मुलगा म्हणजे भाकरीपासून कापून वेगळी झालेली चकती. तो ससाण्यासारखा, हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा उडून जातो. आपण दोघं झाडाच्या ढोलीतल्या अळंब्यांसारखे, एकमेकांशेजारी, जागचे न हलणारे.

या प्रसंगात कुणीच चूक नाही. मुलगा गुदमरतो ते खरं आहे, आणि त्याच्या पाठीमागे उरलेली ती दोन म्हातारी माणसंही खरी आहेत. तुर्गेनेव्ह एकाच घरात दोन्हीकडून बघतो. काफ्काच्या पत्रानंतर हे वाचून दाखवलंस तर श्रोत्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि कादंबरीच्या अगदी शेवटी त्याच दोघांना तू स्मशानात भेटशील. ते पान मात्र सभेत वाचू नको. घरी, एकटीनं वाच.

आता तुझे बाबा.

काफ्काचं पत्र त्यांना देऊ नकोस. तुला राग येईल, पण कारण ऐक. ते पत्र तुझं नाही. त्यातला आवाज, पट्टे, सज्जा, यातलं काहीच तुझ्या बाबांनी केलेलं नाही, निदान तू तरी तसं लिहिलेलं नाहीस. ते पुस्तक त्यांच्या हातात ठेवलंस की पहिल्या पानापासून ते दुसऱ्याच एका बापाच्या पिंजऱ्यात उभे राहतील. तुझ्याकडे फक्त एक वही आहे, दोन पानं, आणि एक पेपर. तेवढंच त्यांच्यासमोर ठेव, दुसऱ्या कुणाचं दुःख त्यात मिसळू नको.

आणि एक पाहिलंस का? वहीच्या त्या गोष्टीत तू सांगणारी आहेस. दहा वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि इतकी वर्षं सांभाळलेलं. मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही, वही पालथी झाली आणि तुला लागलं हे तितकंच खरं आहे. पण त्या गोष्टीत बाबांचं एकही वाक्य नाही. त्यांना कविता कळली नसेल. किंवा कळली असेल आणि दहा वर्षांच्या मुलीनं असं काही लिहावं याची भीती वाटली असेल. त्या दिवशी पेपरात त्यांना दुसरं काही हवं असेल. किंवा खरोखरच त्यांना काही वाटलं नसेल, आणि तसं असेल तर तेही तुला कळलेलं बरं. यातलं कोणतं उत्तर खरं हे मी सांगू शकत नाही, तूही नाही. काफ्कानं वडिलांचं उत्तर स्वतःच लिहिलं. तुझे बाबा बोलतात, चालतात, तुझं भाषण ऐकायला येणार म्हणतात. तुला ते उत्तर त्यांच्याकडून मिळू शकतं.

भाषणात काफ्का बोलच, पूर्ण बोल, त्यांच्यासमोर बोल. त्यांच्यासाठी एक शब्दही मवाळ करू नको. फक्त त्या दिवसाच्या आधी, निदान आठवडाभर आधी, वहीबद्दल त्यांच्याशी बोलून घे. ते सभेत बसले असतील आणि सज्जातल्या मुलाची आठवण तू वाचून दाखवशील, तेव्हा ही आपल्याचबद्दल बोलते आहे का, असा विचार मनात घेऊन ते तिथे बसू नयेत. चारचौघांत कळण्याची ती गोष्ट नाही. ते त्यांच्यावर अन्याय करणारं होईल, आणि तुलाही घरी जाताना त्यांच्याशेजारी बसवणार नाही.

बोलताना ‘तुम्ही माझ्या कवितेकडे लक्ष दिलं नाहीत’ अशी सुरुवात करू नकोस. ती कैफियत झाली, आणि कैफियतीला लोक कैफियतीनंच उत्तर देतात. वही अजून कुठे असेल तर आधी शोधून काढ. नसेल सापडत तर तिचा रंग, आकार, तुला आठवेल ते सांग. त्यांच्याजवळ बस आणि विचार, बाबा, ही आठवते का? ‘नाही’ म्हणाले तर तू सांग, काय झालं होतं ते, दोन वाक्यांत. आणि आठवत असेल तर गप्प राहा, त्यांना बोलायला हवा तेवढा वेळ घेऊ दे. पुष्कळ वेळ घेतील. मग एवढंच विचार, की त्या दिवशी तिसरं पान वाचावंसं वाटलं होतं का.